एच. टी. वॉटलफील्ड यांची मतं

"वॉटलफील्ड किती जणांनी वाचलाय?" हंबर्डे सरांनी विचारलं.

एम. ए. इंग्रजीच्या दुसऱ्या वर्षाला आम्ही एकोणीस जण होतो. अकरा हात वर गेले.

माझा हात खाली होता. एच. टी. वॉटलफील्ड नावाचा समीक्षक या पृथ्वीवर कधी जन्मला नाही याची मला खात्री होती, कारण तो मीच जन्माला घातला होता. माझ्या रूममेटला, अझहरलाही हे माहीत होतं. तरी अझहरचा हात वर होता आणि अकरांमध्ये तोच सगळ्यांत उंच होता.

"डोईफोडे," सर माझ्याकडे वळले, "वॉटलफील्ड मला पहिल्यांदा भेटला तो तुझ्या पेपरात. आणि तूच हात वर करत नाहीस?"

"सर, पूर्ण वाचून झालेला नाही."

"याला विनय म्हणतात," सर वर्गाला म्हणाले. "ज्यानं वाचलाय तो म्हणतो, पूर्ण झाला नाही. आणि हे अकरा जण बघा."

अकरा जणांनी हात खाली घेतले. अझहरनं सगळ्यांत शेवटी घेतला.

मग सरांनी खिशातून एक कागद काढला आणि आमच्या विभागाचं पहिलं राष्ट्रीय चर्चासत्र जाहीर केलं. तारीख फेब्रुवारीतली, म्हणजे तीन आठवड्यांवर. सर जूनमध्ये निवृत्त होणार होते. सव्वीस वर्षांत त्यांनी एकही चर्चासत्र भरवलं नव्हतं, आणि त्यांच्या आवाजावरून वाटत होतं की हे एक भरवून ते सगळ्यांची भरपाई करणार आहेत.

"विद्यार्थ्यांतर्फे एक पेपर," सर म्हणाले. "'वॉटलफील्ड : एक पुनर्मूल्यांकन'. वाचणार माणिक डोईफोडे. अध्यक्षस्थानी डॉ. बेंद्रे मॅडम."

वर्गानं टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या. दुसरं काय करावं ते सुचलं नाही.

बेंद्रे मॅडम मोठ्या शहरातल्या विद्यापीठातून येणार होत्या. त्यांचा एक प्रश्न सगळीकडे प्रसिद्ध होता : मूळ ग्रंथ कुठला, पान कितवं? एका प्राध्यापकाच्या निरोप समारंभात सत्कारमूर्तींनी एक विनोद सांगितला, तेव्हा बाईंनी त्याचाही संदर्भ विचारला होता म्हणे. सत्कारमूर्तींना तो देता आला नाही आणि त्यांनी शाल परत घडी घालून ठेवली.

तर मला तीन आठवड्यांनी या बाईंसमोर उभं राहून नसलेल्या माणसाचं पुनर्मूल्यांकन करायचं होतं. बाईंनी पान विचारलं की माझी डिग्री जाणार होती, याचं मला विशेष वाटत नव्हतं. तिच्याशी अजून माझी ओळख झाली नव्हती. पण माझ्याबरोबर हंबर्डे सर जाणार होते. चर्चासत्राच्या पत्रिकेत त्यांनी स्वतः लिहिलं होतं : 'वॉटलफील्डसारख्या दुर्लक्षित समीक्षकाला प्रकाशात आणणारा हा पहिलाच प्रयत्न.' सव्वीस वर्षांच्या शेवटी भरवलेल्या एकुलत्या एका चर्चासत्रात त्यांचं हसं होणार होतं, आणि ते मी केलेलं असणार होतं.

हे सगळं कसं झालं ते सांगायला सरांचा नियम सांगायला हवा.

सरांच्या पेपरात प्रत्येक उत्तरात निदान पाच समीक्षकांची अवतरणं लागत. उत्तर काळ्या शाईत, अवतरण निळ्या शाईत, खाली पट्टीनं मारलेली रेघ. तपासताना सर आधी रेघा मोजत आणि मग उत्तर वाचत. बऱ्याचदा वाचायची वेळच येत नसे. 'मला वाटतं' असं कुणी लिहिलं तर त्यावर लाल फुली यायची. आमच्या विभागातून बाहेर पडलेली माणसं पुढे बँकेत, पोलिसात, तलाठी कार्यालयात गेली, पण आयुष्यात पुन्हा कधी त्यांनी 'मला वाटतं' म्हटल्याचं ऐकिवात नाही.

जुलैच्या चाचणीला एका जाड इंग्रजी कादंबरीवर प्रश्न होता. कादंबरीत एक मोठं घर आहे आणि त्यात राहणारे लोक चारशे पानं चहा पितात आणि एकमेकांची लग्नं ठरवतात. माझी आई आमच्या गावच्या शाळेत पोषण आहाराची खिचडी शिजवते. एकशे चाळीस पोरांची. त्यामुळे कादंबरी वाचताना माझं लक्ष भलतीकडेच जात होतं. मी काळ्या शाईत लिहिलं : 'या घरात चहा नेहमी गरम असतो, पण चारशे पानांत एकदाही कुणी चूल पेटवताना दिसत नाही.'

मला वीसपैकी चार मिळाले. वाक्याशेजारी लाल अक्षरांत सरांनी विचारलं होतं : कोण म्हणतं?

प्रश्न मला रास्त वाटला. मी दोन दिवस ग्रंथालयात बसून हे कोण म्हणतं ते शोधलं. कुणीच म्हणत नव्हतं.

ऑगस्टच्या चाचणीला तोच प्रश्न आला. सर प्रश्न बदलत नसत. प्रश्न बरोबर असताना तो बदलायचा कशाला, असं त्यांचं म्हणणं होतं. मी तेच वाक्य निळ्या शाईत लिहिलं आणि खाली पट्टीनं रेघ मारली. आता नाव हवं होतं. परीक्षा हॉलच्या खिडकीबाहेर विजेचा खांब होता आणि त्यावर कवटीच्या वर 'एच. टी.' लिहिलं होतं. खांबाच्या पलीकडे क्रिकेटचं मैदान होतं, तिथून फील्ड आलं. वॉटल कुठून आलं ते मला आजही सांगता येणार नाही.

सतरा मिळाले. शेरा होता : वाचन चांगलं आहे. सरांनी माझा पेपर नमुना म्हणून विभागाच्या सूचनाफलकावर काचेच्या आत लावला. शेजारी हरवलेल्या छत्रीची सूचना होती.

अझहरला मी त्याच दिवशी सांगितलं. तो गादीवरून उठून बसला.

"याला चरित्र पाहिजे," तो म्हणाला.

"कशाला?"

"उद्या कुणी विचारलं तर? असं कर, बाप चांभार होता म्हण. बायको सोडून गेली. आणि एकच फुप्फुस."

"एकच का?"

"अबे डोईफोड्या, इंग्रज समीक्षकाला काहीतरी कमी पाहिजे. सगळं धड असलं तर तो समीक्षा कशाला लिहील?"

पुढच्या चाचणीत मी हे चरित्रही निळ्या शाईत घातलं. इथपर्यंत गोष्ट माझ्या हातात होती. पुढे ती गेली. दिवाळीपर्यंत वर्गातल्या पेपरांत वॉटलफील्ड दिसायला लागला. पोरं फलकावरून उतरवून घेताहेत, अशी माझी समजूत होती. पण हळूहळू तो अशी वाक्यं बोलायला लागला, जी मी त्याला कधी दिलीच नव्हती. एका पेपरात त्याला कादंबरीची नायिका आवडत होती आणि दुसऱ्यात तिचा राग येत होता. हंबर्डे सरांनी यावर एक पूर्ण तास घेतला. फळ्यावर दोन रकाने करून त्यांनी पूर्वीचा वॉटलफील्ड आणि नंतरचा वॉटलफील्ड वेगळे काढले, आणि मधल्या काळात त्याला काहीतरी मानसिक धक्का बसला असावा, असा अंदाज मांडला.

अझहर माझ्या कानाशी लागला. "बायको सोडून गेली ना, तेव्हा."

चर्चासत्र जाहीर झालं त्याच्या दुसऱ्या दिवशी मी खरं सांगायचं ठरवून सरांच्या केबिनमध्ये गेलो. सर पत्रिकांवर पत्ते घालत होते. अक्षर फार सुंदर होतं त्यांचं.

"सर, वॉटलफील्डबद्दल थोडं बोलायचं होतं."

"बस. मलाही बोलायचंय. टेकाळे साहेबांना मी त्याचं पुस्तक विचारलं."

टेकाळे साहेब आमचे ग्रंथपाल.

"काय म्हणाले, सर?"

"म्हणाले, होतं. एक प्राध्यापक घेऊन गेलेत, परत आलं नाही. त्यांना दोन स्मरणपत्रंही गेलीत म्हणे." सरांनी मान हलवली. "अशी माणसं असतात बघ."

टेकाळे साहेबांच्या ग्रंथालयात एखादं पुस्तक नाही असं त्यांच्या तोंडून आजवर कुणी ऐकलं नव्हतं. असलेलं नसायचं, तो भाग वेगळा.

"सर, पण समजा, मी पेपरात माझंच काही मत मांडलं तर?"

सरांनी पेन खाली ठेवलं.

"डोईफोडे, तुझे वडील काय करतात?"

"एस. टी. च्या वर्कशॉपात आहेत, सर. टायर बदलतात."

"माझे वडील गुरं राखायचे, दुसऱ्यांची. मी एम. फिल. च्या तोंडी परीक्षेला बसलो तेव्हा घरातला इंग्रजी येणारा पहिला माणूस होतो. परीक्षक बाहेरून आले होते. त्यांनी एका कवितेबद्दल विचारलं. मी म्हणालो, आय थिंक. ते म्हणाले, यू थिंक? आणि हसले. हातातला चहा सांडेपर्यंत हसले. शेजारचे दोघंही हसले, कारण ते त्यांच्याहून हुद्द्यानं लहान होते." सरांनी एक पत्रिका पाकिटात घातली. "त्या दिवसापासून मी कुठे एकटा गेलो नाही. बरोबर पाच जण घेऊनच जातो. पाच मोठी माणसं बरोबर असली की आपल्यावर कुणी हसत नाही. तुम्हा पोरांना मी दुसरं काय दिलंय? पाच माणसांची सोबत दिलीय."

मी खरं सांगायला आलो होतो आणि पाकिटं चिकटवून परत गेलो. चाळीस पाकिटं.

दुसऱ्या दिवशी दुपारी कँटीनमध्ये अझहर आणि मी उपाय शोधत बसलो.

"मारून टाक त्याला," अझहर म्हणाला.

"मेलेलाच आहे. मी त्याला तू सांगितलेल्या फुप्फुसानंच मारला."

"मग पुस्तकं जाळ. लढाईत बॉम्ब पडला, सगळ्या प्रती गेल्या."

"मग मी वाचलं कुठून?"

"तू बॉम्ब पडायच्या आधी वाचलं."

"मी सत्त्याण्णवचा आहे, अझहर."

अझहरनं याचा विचार केला. तेवढ्यात स्वरूपा देशमाने आमच्या टेबलाजवळ आली. ती वर्गात पहिली यायची आणि एरवी आमच्याशी बोलायची नाही, त्यामुळे आम्ही दोघंही सरळ बसलो.

"माणिक, तू पेपरात वॉटलफील्डची कुठली कुठली वाक्यं घेणारेस?" तिनं विचारलं.

"सगळी."

"'या मुली एवढा वेळ खिडकीत बसतात, कारण दाराबाहेर जायला दुसऱ्याची परवानगी लागते.' हे घेणारेस?"

"घेणारच. फार भारी आहे ते."

"ते माझंय," ती म्हणाली.

अझहरचा चहा तोंडाशी थांबला.

"वॉटलफील्ड नाहीये, हे मला तू लिहिलंस त्याच दिवशी कळलं," ती पुढे म्हणाली. "चूल पेटवत नाहीत हे इंग्रज माणसाच्या लक्षात कसं येईल? पण सरांना पटलं होतं. मग मीही माझं एक त्याच्या नावावर टाकलं. अठरा मिळाले."

"मग परवा हात कशाला वर केलास?"

"वाचलाय म्हणूनच. निदान एक वाक्य तरी वाचलंय मी त्याचं. लिहिताना." ती खुर्ची ओढून बसली. "अकरा जणांनी हात वर केला ना? अकराही जणांची आहेत. मी विचारलंय प्रत्येकाला. सोमनाथनं तर तीन टाकलीत. भारतीनं एक टाकलं आणि आठवडाभर झोपली नाही."

मी बोटं मोजली. अकरात अझहरही होता. मी हळूच त्याच्याकडे वळलो. तो टेबलावरच्या मुंगीकडे फार बारकाईनं बघत होता.

"तू पण?"

"एकच," अझहर म्हणाला. "छोटंसं."

"कुठलं?"

"ते पावसाचं."

'या कादंबरीत पाऊस फक्त लग्नं मोडायला येतो, पेरणीला कधीच येत नाही.' वर्गात सरांनी हे वाक्य दोनदा वाचून दाखवलं होतं आणि नंतर खिडकीबाहेर बघत उभे राहिले होते. मला स्वतःला ते माझ्या चुलीपेक्षा चांगलं वाटलं होतं, आणि हे कुणा चोरानं माझ्या माणसाच्या तोंडी घातलं म्हणून मी महिनाभर जळत होतो. चोर दोन फुटांवर झोपत होता.

"सांगितलं का नाहीस, लेका?"

"लाज वाटली. उगाच आपलं मत म्हणून."

स्वरूपानं वही बंद केली. "हे बघ, चर्चासत्रातले पेपर पुस्तकात छापणार आहेत. तू ती वाक्यं त्याच्या नावानं वाचलीस की ती कायमची त्याची होतील. मला माझं परत पाहिजे."

"आणि सर?" मी विचारलं. "पत्रिकेत त्यांनी काय लिहिलंय, वाचलंस ना?"

"वाचलंय."

"मग?"

"आधी कुठलं वाक्य कुणाचं ते तरी लिहून काढ," ती म्हणाली. पुढच्या आठवड्यात मी वह्या आणि जुने पेपर जमवले, आणि कुठलं वाक्य कुणाचं याची यादी केली. बारा माणसं, सतरा वाक्यं. ती एकाखाली एक वाचली तेव्हा मला विचित्र वाटलं. ग्रंथालयात दोन दिवस शोधून मला जे कुठेच सापडलं नव्हतं, ते मागच्या तीन बाकांवर बसलेलं होतं. त्यातलं कुणीही कधी वर्गात तोंड उघडलं नव्हतं.

चर्चासत्राच्या दिवशी सभागृह भरलं होतं, कारण नाव नोंदवणाऱ्याला प्रमाणपत्र आणि जेवण होतं. दीपप्रज्वलनाच्या वेळी पंख्यानं समई तीनदा विझली. चौथ्यांदा पंखा बंद केला, मग समई टिकली आणि माणसं घामानं भिजली. बेंद्रे मॅडम बारीक चणीच्या होत्या. पुष्पगुच्छ मिळाल्यावर त्यांनी त्यात चिठ्ठी आहे का ते पाहिलं.

हंबर्डे सरांनी नवा कोट शिवला होता. प्रास्ताविकात त्यांनी नेहमीप्रमाणे पाच समीक्षक घेतले. पाचवा वॉटलफील्ड होता.

"वॉटलफील्ड एके ठिकाणी म्हणतो," सर वाचू लागले, "परकी भाषा शिकणारा माणूस आयुष्यभर त्या भाषेच्या व्हरांड्यात बसलेला असतो. आत कुणी बोलवत नाही. पण बसून बसून ते घर त्याला आतल्या माणसांपेक्षा जास्त कळायला लागतं."

मी यादी काढली. वरून खाली बघितली, मग खालून वर. हे वाक्य यादीत नव्हतं. मी मागे वळून अझहरकडे पाहिलं, त्यानं खांदे उडवले. स्वरूपानंही मान हलवली. वर्गातल्या बाकीच्या सात जणांकडे पाहिलं, ते माझ्याकडे बघत होते.

माझं नाव पुकारलं गेलं.

व्यासपीठावर गेल्यावर मी कागद पोडियमवर ठेवले. पहिलं वाक्य मी आठ दिवस पाठ केलं होतं.

"एच. टी. वॉटलफील्ड नावाचा समीक्षक कधीच नव्हता," मी म्हणालो. "तो मी ऑगस्टमध्ये परीक्षेत तयार केला."

सभागृहात कुणीतरी हसलं. मग कळलं की विनोद नाही, तेव्हा ते हसणं अर्ध्यात थांबलं. हंबर्डे सर पहिल्या रांगेत होते. त्यांच्याकडे बघायचं नाही असं मी ठरवलं होतं, आणि मी फक्त त्यांच्याकडेच बघत होतो. त्यांचा चेहरा हलला नाही. त्यांनी कोटाचं वरचं बटण उघडलं आणि परत लावलं.

"थांबा," बेंद्रे मॅडमनी माइक ओढला. "हा माणूस नाही?"

"नाही, मॅडम."

"पुस्तकही नाही?"

"नाही, मॅडम."

"मी आल्याबरोबर ग्रंथालयात विचारलं. पुस्तक बाहेर गेलंय असं सांगितलं मला."

टेकाळे साहेब तिसऱ्या रांगेत होते. ते बंद पंख्याकडे बघत राहिले.

"मग तुम्ही वाचताय काय?" मॅडमनी विचारलं.

"त्याच्या नावावर आमच्या वर्गातल्या बारा जणांनी स्वतःची मतं लिहिली, मॅडम. आमच्याकडे स्वतःच्या नावावर मत लिहायची पद्धत नाही. सर आम्हाला एकटं सोडत नाहीत, आमच्यावर कुणी हसू नये म्हणून. मी फक्त कुठलं वाक्य कुणाचं ते सांगणार आहे. मूळ संदर्भासह."

'संदर्भ' ऐकल्यावर बाई मागे टेकून बसल्या. "सांगा," म्हणाल्या.

मी वाचायला लागलो. वाक्य वाचायचं आणि मग नाव घ्यायचं. मी कुणाला उभं राहायला सांगितलं नव्हतं, पण स्वरूपाचं नाव घेतलं तशी ती उभी राहिली. मग भारती उभी राहिली. सोमनाथचं नाव तीनदा आलं, तो तीनदा उठला आणि बसला. पावसाचं वाक्य वाचलं तेव्हा सभागृहात 'वा' असा आवाज आला. मी म्हणालो, "शेख अझहर, राहणार औंढा," आणि अझहर असा उभा राहिला की जणू पाऊसही त्यानंच पाडला होता. शेवटी मी माझी चूल वाचली. आणि मग माझंच नाव. शाळा सोडल्यापासून मी एवढ्या मोठ्यानं माझं नाव घेतलं नव्हतं.

"सतरा झाली," बेंद्रे मॅडम म्हणाल्या. त्या मोजत होत्या. "आणि ते व्हरांड्याचं? प्रास्ताविकातलं?"

"ते मला सापडलं नाही, मॅडम," मी म्हणालो. "वर्गातल्या एकोणीसही जणांपैकी ते कुणाचंच नाही."

मला वाटलं, आता सरांचं संपलं. मीच संपवलं.

"ते माझं आहे," हंबर्डे सर म्हणाले.

बसूनच म्हणाले, आणि हळू. मागच्यांना ऐकू गेलं नाही, म्हणून पुढच्यांनी मागे सांगितलं.

"आपलं?" बेंद्रे मॅडम म्हणाल्या.

"तीस वर्षं झाली त्याला." सर उभे राहिले. "माझ्याकडे होतं. कुठं ठेवावं ते कळत नव्हतं. नोव्हेंबरात पोरांचे पेपर तपासताना लक्षात आलं की हा वॉटलफील्ड काहीही म्हणतो आणि त्याचं कुणी काही वाकडं करत नाही. मग म्हटलं, आपलंही एक ठेवून बघू."

"म्हणजे तो नाही हे तुम्हाला ठाऊक होतं?"

"मॅडम, मी सव्वीस वर्षं शिकवतोय. चांभाराचा मुलगा आणि एकच फुप्फुस. एवढं मला कळतं." ते माझ्याकडे वळले. "पण माझी पोरं पहिल्यांदा काहीतरी म्हणायला लागली होती. मध्येच अडवायचं धाडस झालं नाही."

"मग पेपर ठेवलात कशाला?"

"हा आज काय करतो, ते मला बघायचं होतं. त्यानं तसंच वाचलं असतं, तर मीही तसंच ऐकलं असतं. आणि जूनमध्ये घरी गेलो असतो."

बेंद्रे मॅडमनी चष्मा काढला, पुसला आणि परत लावला. मला वाटतं, त्यांच्या आयुष्यात पान क्रमांक न मिळता त्या गप्प बसल्याचा तो एकमेव प्रसंग असावा. मग त्यांनी घड्याळ बघितलं, माइक सरांकडे सरकवला आणि म्हणाल्या, "व्हरांड्याचं जरा विस्तारानं सांगा. कागद नको."

सरांच्या खिशात कागद होता. त्यांनी तो काढला, घडी घातली आणि माझ्या हातात दिला. चाळीस मिनिटं बोलले. सुरुवातीला ते दर दोन वाक्यांनी थांबून मागे बघत होते, कुणी येतंय का म्हणून. मग थांबणं बंद झालं. गुरं, व्हरांडा, ती कविता, तो चहा सांडणारा परीक्षक, सगळं आलं. पुऱ्या गार झाल्या. कुणी तक्रार केली नाही, फक्त केटररनं केली.

संध्याकाळी सभागृहाच्या खुर्च्या आवरताना सरांनी मला बोलावलं.

"डोईफोडे, ऑगस्टचे तुझे सतरा मार्क मी काढून घेतोय. बाकीच्यांचेही काढणार. शिस्त आहे."

"हो, सर."

"सोमवारी सगळ्यांची फेरपरीक्षा. तोच प्रश्न. समीक्षक एकही चालणार नाही."

सोमवारी आम्ही बसलो. मी तीन तास काळ्या शाईत लिहिलं. निळं पेन मी नेलंच नव्हतं.

पेपर शुक्रवारी परत आला. वीसपैकी नऊ होते. आजवर मी परीक्षेत याहून कमी मार्क अनेकदा मिळवलेत आणि पुढे जास्तही मिळवले, पण इतके कष्टाचे नाहीत. चूल दिसत नाही या माझ्या मुद्द्याशी सर सहमत नव्हते. समासात त्यांनी लाल शाईत लिहायला सुरुवात केली होती : तू म्हणतोस ते अर्धंच खरं आहे. दोनशे बाराव्या पानावर एक मोलकरीण कोळसे घेऊन जाते, ती तू पाहिली नाहीस. पण आता तू म्हणतोस म्हणून पुन्हा बघतोय. मजकूर समासातून खाली उतरला होता, पानाच्या मागे गेला होता, आणि मागचीही जागा संपली तेव्हा सरांनी दोरा घेऊन माझ्या उत्तरपत्रिकेला स्वतःची पुरवणी बांधली होती. चार पानं. शेवटच्या पानावर खाली सही होती आणि सहीखाली एक प्रश्न, उत्तरासाठी अर्धं पान मोकळं सोडून.

परीक्षकानं विद्यार्थ्याच्या पेपराला पुरवणी जोडल्याचं आमच्या विद्यापीठात दुसरं उदाहरण नाही. मी चौकशी केली आहे.